सख्ख्या मेव्हण्याचा अर्ज

बाबांना मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहिलं ते ब्रिस्टलमध्ये, विद्यापीठाच्या एका वर्गात. तेव्हा मी एकतीस वर्षांची होते. घरी ते हसत नसत असं नाही, पण त्यांचं हसणं ओठांच्या आत राहायचं. निवृत्त अधिकाऱ्याला शोभेल इतकंच. त्या दिवशी मात्र त्यांनी टेबलावर हात आपटला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि शेजारच्या इंग्रज बाईंनी त्यांना टिश्यू दिला. मी थक्क होऊन बघत राहिले.

दोन हजारच्या दशकातली मधली वर्षं होती. विमानांचे पंख बनवणाऱ्या एका कंपनीत मी नोकरीला होते. किती भार आला तर पंख कुठे वाकेल याची दिवसभर गणितं करायची आणि संध्याकाळी फ्लॅटवर येऊन एकटीपुरता भात लावायचा. दुसऱ्या वर्षी ऑफिसमधल्या एका बाईंनी मला विद्यापीठाच्या संध्याकाळच्या वर्गांचं पत्रक आणून दिलं. मोठ्या माणसांसाठीचे, हौसेचे वर्ग. कुंभारकाम होतं, स्पॅनिश होतं, आणि सगळ्यात खाली एक वर्ग होता, जुन्या चिनी कथांमधले पंडित आणि अधिकारी. माणसं जन्मभर सरकारी परीक्षा कशा देत आणि पास झाल्यावर त्यांचं काय होई, यावरच्या विनोदी कथा, असं त्याखाली लिहिलं होतं. मी तिथेच नाव घातलं. परीक्षा आणि अधिकारी हे दोन शब्द ऐकतच मी नागपुरात लहानाची मोठी झाले होते.

बाबा आमच्या वस्तीतले पहिले अधिकारी. सात वर्षं कारकुनी करत, रेशनच्या रांगेतसुद्धा पुस्तक उघडून उभे राहत, चौथ्या प्रयत्नात ते राज्यसेवेची परीक्षा पास झाले. निकाल लागला तेव्हा विहारात लोकांनी त्यांना हार घातले होते. शिकणं हाच आमच्या घरातला धर्म होता. त्याच्यावर कोणी विनोद करत नसे.

आणि आमच्या घरात एक गोष्ट होती. प्रत्येक घरात असते तशी, वडिलांबद्दलची. बाबा नवे अधिकारी झाले तेव्हाची. मी पाळण्यात होते. त्यांच्या कार्यालयात लिपिकांची भरती निघाली आणि अर्जांची छाननी बाबांकडे आली. त्या अर्जांत माझ्या मामाचाही अर्ज होता. आईचा धाकटा भाऊ. वयाच्या अटीमुळे त्याची ती शेवटची संधी. पण अर्जाला जातीच्या दाखल्याची प्रत जोडायची राहिली होती. बाबांनी अर्जावर 'अपूर्ण' असा शेरा मारला, सही केली आणि अर्ज बाद केला. "सख्ख्या मेव्हण्याचा अर्ज मी परत केला," बाबा सांगत. "आपला माणूस खुर्चीत बसला की सगळे डोळे लावून बसलेले असतात. कधी एकदा हा आपल्या लोकांना आत घेतो आणि कधी आपण बोट दाखवतो. मी ती संधीच दिली नाही."

ही गोष्ट मी किती वेळा ऐकली असेन! लग्नांत, बारशांत, नव्याने नोकरीला लागलेल्या पोरांना उपदेश करताना. बाबा निवृत्त झाले तेव्हा कार्यालयाने दिलेल्या मानपत्रात ती छापूनच आली. ते मानपत्र काचेत घालून आमच्या बैठकीत लावलेलं होतं. सातवीत असताना मी 'माझा आदर्श' या विषयावर शाळेत भाषण केलं, त्यातही हीच गोष्ट सांगितली. पहिला नंबर आला.

मामाला पुढे एका अनुदानित शाळेत शिपायाची नोकरी लागली. माझ्याच शाळेत. आमच्याकडे शाळेतल्या शिपायांना मुलं मामाच म्हणतात, त्यामुळे मी त्याला मामा म्हणायचे त्यात कोणाला काही वेगळं वाटत नसे. तो माझा खराखुरा मामा आहे हे मी मैत्रिणींना कधी सांगितलं नाही. त्यानेही कधी दाखवलं नाही. घंटेपाशी भेटला की म्हणायचा, "डबा खाल्ला का?" एवढंच.

तर त्या वर्षी मार्चमध्ये आई आणि बाबा सहा महिन्यांसाठी माझ्याकडे आले. आईने आठवडाभरात बसचे नंबर पाठ केले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात कोथिंबीर किती वाजता येते ते शोधून काढलं. बाबांना मात्र वेळ जाईना. रोज सकाळी कोट घालून ते लायब्ररीत पेपर वाचायला जात आणि साडेअकराला परत येत. खिडकीतून समोरच्या छपरावरचे सीगल पक्षी बघत बसत. मला त्यांचं वाईट वाटायचं. म्हणून एका मंगळवारी मी विचारलं, "बाबा, माझ्या वर्गाला येता का? आमच्या मॅडमना चालेल."

"कुठला वर्ग?"

"चीनमधल्या जुन्या गोष्टी. परीक्षा देणाऱ्या लोकांच्या."

त्यांनी निवृत्तीच्या समारंभातला सूट काढला, टाय लावला आणि खिशात दोन पेनं घातली. आई म्हणाली, "इंटरव्ह्यूले चालले का तुम्ही?"

आमच्या मॅडम साठीच्या, बुटक्या, चिनी. तरुणपणी इंग्लंडमध्ये आल्या आणि इथेच शिकवत राहिल्या. वर्गात आम्ही आठ जण. एक निवृत्त इंजिनियर, एक नर्स, दोन मैत्रिणी ज्या दरवर्षी काहीतरी वेगळं शिकत, असे. मॅडम छापील कागद वाटत, मूळ चिनी ओळ मोठ्याने वाचून दाखवत आणि मग इंग्रजीत गोष्ट सांगत. सांगताना चेहरा जराही हलवायचा नाही, हे त्यांचं कौशल्य होतं.

त्या दिवशीची गोष्ट एका म्हाताऱ्या उमेदवाराची होती. पंचवीस वेळा नापास झालेला. परीक्षेसाठी प्रत्येकाला मिळणाऱ्या छोट्या कोठडीत बसल्यावर तो आधी शाईची पूजा करी, मग कुंचल्याची, मग ज्या उशीवर डोकं ठेवून स्वप्नात निबंध सुचला होता त्या उशीची. ती त्याने सोबत आणलेली असे. इतक्या पूजा होईपर्यंत वेळ संपून जाई. बाबा हसले ते इथे. नंतर बसमध्येही हसत होते. "अगं, आमच्यात एक जण होता," ते म्हणाले, "चार वर्षं तोच शर्ट घालून पेपरला यायचा. धुतला तर अभ्यास जाईल म्हणायचा." आणि परत हसायला लागले. बसमधून उतरेपर्यंत त्यांनी मला त्या सात वर्षांतल्या इतक्या गमती सांगितल्या, जितक्या मी आयुष्यभरात ऐकल्या नव्हत्या. घरी आल्यावर मी आईला ती गोष्ट मराठीत सांगितली. तीही हसली. मग तो रिवाजच झाला. दर मंगळवारी वर्गातून आलं की आई पोळ्या करणार आणि मी तिला त्या दिवशीची चिनी गोष्ट सांगणार.

पुढच्या एका वर्गात आणखी एक आश्चर्य घडलं. निवृत्त इंजिनियर गृहस्थ म्हणाले, "मला या लोकांचं कळत नाही. वीस-वीस वर्षं परीक्षा देत बसायचं! दुसरं काही करता येत नव्हतं का त्यांना?"

बाबा उभे राहिले. शाळेत उभं राहतात तसे, खुर्ची मागे सारून. "सर," ते इंग्रजीत म्हणाले, "दुसरं काय होतं?"

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले. मी समोरचा कागद वाचत असल्यासारखं केलं. बाबा सावकाश, एकेक शब्द जुळवत बोलत राहिले. "माझ्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्यांच्या दारात उभं राहून काम केलं. आत जायला एकच दार होतं, परीक्षेचं. तिथे माझा बाप कोण हे कोणी विचारत नव्हतं. निदान पेपर तपासताना तरी नाही. तुम्हाला हसायला हरकत नाही. मीसुद्धा हसतो. पण जो हसतो तो दाराच्या कुठल्या बाजूला उभा आहे, तेही बघावं."

मग मॅडमनी चक्क टाळी वाजवली. इंजिनियर गृहस्थांनी मधल्या सुट्टीत बाबांसाठी चहा आणला, बिस्किटांची बशी पुढे केली. मला रडू येत होतं. माझा बाप काय आहे ते या लोकांना दिसलं, असं वाटलं. त्या रात्री आईला चिनी गोष्ट सांगायचं सोडून मी बाबांचंच भाषण दोनदा म्हणून दाखवलं.

जूनमधला तो मंगळवार यानंतर तीन आठवड्यांनी आला.

मॅडम म्हणाल्या, आजची गोष्ट छोटी आहे. एक माणूस अनेक वर्षांनी परीक्षा पास होऊन एका लहान गावाचा न्यायाधिकारी होतो. पहिल्याच महिन्यात त्याचा धाकटा भाऊ त्याच्यापुढे एक फिर्याद घेऊन येतो. भावाची बाजू खरी आहे. ते या अधिकाऱ्यालाही माहीत आहे, कारण लहानपणापासून दोघं एकाच घरात वाढले आहेत. पण कचेरी भरलेली आहे, गाव बघतं आहे. अधिकारी विचारतो, 'तुझं नाव काय?' भाऊ चकित होतो. नाव सांगतो. 'साक्षीदार कोण?' भाऊ म्हणतो, 'आपणच.' कचेरीत कुजबुज होते. अधिकारी फिर्याद फेटाळतो. गाव धन्य धन्य म्हणतं. असा निःपक्ष अधिकारी झाला नाही! गावाच्या वेशीवर त्याच्या नावाचा दगड बसवतात, त्यावर ही हकीकत कोरतात. आणि दरवर्षी समारंभाच्या आधी तो दगड धुवायचं काम ज्याच्याकडे असतं तो गावातला सगळ्यात गरीब माणूस, म्हणजे तोच भाऊ.

वर्गात हशा पिकला. मॅडम नेहमीप्रमाणे गंभीर. "लेखक कुठेही म्हणत नाही की अधिकारी वाईट होता," त्या म्हणाल्या. "तो फक्त दगड किती स्वच्छ होता ते सांगतो."

बाबाही हसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा हसू तोंडावरच होतं, पण थांबलेलं. जणू कोणी फोटो काढला असावा. आणि मग माझ्या लक्षात आलं. ही गोष्ट आपल्या घरातली आहे. ही आपली गोष्ट आहे आणि हे लोक हसत आहेत. मी स्वतः हसले होते. ती तशीच, शब्द न बदलता, सांगितली तर ऐकणारा हसतो हे एकतीस वर्षांत मला एकदाही सुचलं नव्हतं.

पण मी स्वतःला समजावलं की आपलं वेगळं आहे. मामाचा दाखला खरोखरच जोडलेला नव्हता. बाबांनी नियम पाळला.

बसमध्ये बाबा बाहेर बघत होते. स्टॉपवर उतरताना म्हणाले, "आईला आज काही सांगू नको."

"का?"

"कंटाळा येतो तिला."

आईला कंटाळा वगैरे येत नव्हता. आम्ही आत गेलो तेव्हा बाहेर अजून उजेड होता, ती कणीक मळून वाटच बघत होती. "मग? आज कोण नापास झालं?"

"आज विशेष काही नव्हतं," बाबा म्हणाले आणि टाय सोडायला लागले.

मी काय करायला हवं होतं? गप्प बसायला हवं होतं कदाचित. पण मला त्या गोष्टीतून सुटका हवी होती. आई हसेल, 'ह्या, आपलं काय असं होतं का?' म्हणेल आणि मग ठीक होईल, असं काहीतरी माझ्या मनात असावं. मी सांगायला सुरुवात केली. बाबा, "अगं," एवढंच म्हणाले. मी थांबले नाही. दगड धुणाऱ्या भावापर्यंत आले.

आईने लाटणं खाली ठेवलं. गॅस बंद केला. हातांचं पीठ एकमेकांवर झाडलं, आणि बाबांकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, "दाखला होता."

"म्हणजे?"

"तुझ्या मामाचा दाखला. सहीशिक्क्याची प्रत. आपल्या घरातच पेटीत होती. तो मॅट्रिकले आपल्याकडे राहायचा ना, त्याचे सगळे कागद आपल्याच पेटीत असत. शेवटच्या तारखेच्या सकाळी मले ती दिसली. मी घाबरली. म्हटलं, पोरानं लावलाच नाही. मी यांच्या डब्याच्या पिशवीत घातली आणि सांगितलं, अहो, दाखला राहिला होता, पिशवीत ठेवला आहे, अर्जाले लावून टाका."

मी बाबांकडे पाहिलं. ते खुर्चीत बसले होते, टाय हातात.

"संध्याकाळी पिशवी रिकामी केली," आई म्हणाली, "तर दाखला तिथेच. डब्यातलं वरण सांडून कोपऱ्याले पिवळा डाग पडलेला. मी विचारलं, दिला नाही का? तर म्हणाले, उशीर झाला."

मला आठवतं, मी मूर्खासारखा हिशोब करत होते, पिशवी कुठे ठेवत असतील, टेबलाखाली की खिडकीत. शेरा मारताना ती त्यांच्यापासून किती लांब असेल.

"बाबा, विसरलात ना?" मी म्हटलं. खरं तर विनवलंच.

त्यांनी टाय गुंडाळून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "नाही."

"मग?"

"पिशवी पायाशी होती. दाखला काढायला मी वाकलोही होतो. नियमात होतं, पाच वाजेपर्यंत कागद जोडता येत होते. इतर तिघांचे मी स्वतः जोडून घेतले होते त्या दिवशी." ते थांबले. "तेवढ्यात मोठे बाबू आले. म्हणाले, साहेब, हा तुमच्या मेव्हण्याचा ना? आणि हसले. मागे दोघं-तिघं उभे होते, तेही हसले. मी सरळ बसलो आणि शेरा लिहिला."

"भीतीने," मी म्हटलं.

"आधी भीतीनेच," बाबा म्हणाले. "पण भीती पाच वाजेपर्यंत टिकत नाही गं. चार वाजता मोठ्या साहेबांनी मला आत बोलावलं. सगळ्यांदेखत माझा हात हातात घेतला. म्हणाले, तुमच्या समाजात असे अधिकारी असतील असं वाटलं नव्हतं. त्या वाक्याचा खरं तर राग यायला हवा होता. मला... मला बरं वाटलं. अजून एक तास होता. पिशवी तिथेच होती. मी घरी आलो."

आईने गॅस पेटवून पोळ्या करायला घेतल्या. त्या संध्याकाळी आम्ही तिघं जेवलो की नाही ते आठवत नाही. आठवतो तो पोळ्यांचा ढीग, आईने केलेला, नेहमीपेक्षा जास्त. झोपायला जाताना ती मला म्हणाली, "ते मानपत्र पाच वर्षं मीच पुसते."

तीस वर्षं ती बोलली नव्हती. मी चिडून विचारलं तेव्हा म्हणाली, "कोणाले सांगू? भावाले सांगितलं असतं तर नवरा गेला असता. नवऱ्याशी भांडली असती तर तू पाळण्यात होती." एवढं बोलून तिने माझ्याकडे पाठ केली.

पुढचे तीन दिवस घरात कोणी कोणाशी धड बोललं नाही. ऑफिसात मी पंखाच्या एका गणितात अशी चूक केली की माझ्या साहेबांनी मला बरं नाही का म्हणून विचारलं. शनिवारी सकाळी बाबा कोट घालून बाहेर पडले. लायब्ररीत गेले असतील असं वाटलं, पण ते कोपऱ्यावरच्या दुकानातून फोन कार्ड घेऊन आले. भारतात फोन करायला तेव्हा ती कार्डं लागायची, मागचा पट्टा नाण्याने खरवडायचा आणि लांबलचक नंबर दाबायचा. बाबांनी टेबलाशी बसून पट्टा खरवडला. मला म्हणाले, "तुझ्या मामाचा नंबर लावून दे. आणि सगळ्यांना ऐकू येईल असं कर."

तिकडे दुपार होती. मामानेच फोन उचलला. "कोण? लंडनहून का?" त्याच्या लेखी सगळं इंग्लंड लंडनच होतं. बाबांनी तब्येतीची चौकशी केली नाही, हवापाण्याचं बोलले नाहीत. "तुझ्या अर्जाबद्दल सांगायचं आहे," म्हणाले आणि सगळं सांगितलं. पिशवी, मोठे बाबू, चार वाजता, पाच वाजता. कार्यालयीन टिपणी वाचावी तसं. आई दाराच्या चौकटीत उभी होती.

मला वाटलं लाइन गेली.

मग मामा म्हणाला, "भाऊजी, मले माहीत होतं."

बाबांच्या हातातून नाणं टेबलावर पडलं.

"ताईनं नंतर माझे कागद मले परत दिले," मामा सांगत होता, अगदी शांतपणे. "त्यात तो दाखला होता. वरणाचा डाग असलेला. पेटीतल्या कागदावर वरण कुठून येईल? पिशवीतून जाऊन आला असेल तरच. त्या घरात डबा नेणारे तुम्ही एकटे."

"मग बोलला का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"ताई कुठे राहिली असती?"

आईने पदर तोंडाला लावला. हे दोघं बहीणभाऊ तीस वर्षं एकमेकांपासून तेच लपवत होते, एकमेकांसाठी.

"मी पोरांना सांगितलं आहे की मीच विसरलो होतो," मामा म्हणाला. "तेच राहू द्या. आता काही बदलत नाही. फक्त एक करा भाऊजी. ती गोष्ट सांगायची बंद करा. माझ्या पोरीच्या लग्नात तुम्ही माईक घेऊन सांगितली. मी वाढायले उभा होतो."

"हो," बाबा म्हणाले. "हो."

मग मामाने विचारलं, "पोरगी आहे का तिथं?" मी आहे म्हटलं. तो म्हणाला, "तू शाळेत भाषण केलं होतं ना, त्या दिवशी हॉलमधे माईक मीच लावला होता. चांगली बोलली होतीस. अजिबात अडखळली नाही."

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला तो हॉल दिसला, निळ्या रंगाच्या खुर्च्या, आणि खाकी कपड्यांतला मामा वायर गुंडाळत भिंतीशी उभा. मी त्याच्याकडे बघून बोलले होते का? मला खूप प्रयत्न करूनही आठवत नाही. कार्डावरची मिनिटं संपल्याचं सांगणारी बाई मध्येच बोलायला लागली आणि फोन तुटला.

वर्गाला बाबा परत आले नाहीत. मॅडमनी विचारलं, "वडील कसे आहेत?" मी सांगितलं, तब्येत बरी नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना सांग, त्या दिवशीचं त्यांचं बोलणं मी दुसऱ्या वर्गातही सांगितलं. दाराच्या दोन बाजूंचं." मी हो म्हटलं आणि घरी सांगितलं नाही. मला ते अजूनही खरंच वाटतं, बाबा जे बोलले ते. त्याचं काय करायचं ते मात्र मला कळत नव्हतं. ज्या माणसाने ते वाक्य म्हटलं त्यानेच तो शेरा लिहिला होता.

सप्टेंबरात ते दोघं परत गेले. नागपूरच्या विमानतळावर मामा घ्यायला आला होता. आई त्याच्यासोबत रिक्षात बसली आणि बाबांना म्हणाली, "मी काही दिवस भावाकडे राहते. तांदूळ डब्यात आहेत." काही दिवस म्हणजे महिना झाला, दीड महिना झाला. मी फोन केला की बाबा सांगत, आज खिचडी केली, आज पोळी फुगली नाही. आईबद्दल मी विचारत नसे, तेही सांगत नसत. मानपत्र काढलं का, हेही मी विचारलं नाही.

डिसेंबरात सुट्टी काढून मी घरी गेले. मी पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटरचा आवाज आला. मामा आईला सोडायला आला होता. आई तिची पिशवी घेऊन सरळ आत आली आणि स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघायला लागली. मामा स्कूटरवरून उतरला नाही. बाबा बाहेर गेले. फाटकाच्या या बाजूला बाबा आणि त्या बाजूला मामा, असे दोघं बराच वेळ उभे होते. खिडकीतून त्यांचे ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येत नव्हतं. मग मामाने किक मारली आणि तो गेला.

बाबा आत आले. मी विचारलं, "काय म्हणाला?"

"त्याच्या नातवाला यंदा नवोदय शाळेच्या परीक्षेला बसवायचं आहे," बाबा म्हणाले. "अर्ज कसा भरायचा विचारत होता."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, दुसऱ्या कोणाकडून भरून घे."

आतून आई म्हणाली, "भरून द्या. मी बघते काय जोडलं ते."